मदत हवी आहे: श्रावणात खेळाडू मुलींचं झिंक-सेलेनियम कसं भरून काढायचं?

रत्नागिरीकडच्या कॉलेजातल्या कबड्डी, खो-खो आणि लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींसाठी मेसचा तक्ता बसवायचाय. एरवी बांगडा, तिसऱ्या, कालवं असली की अँटिऑक्सिडंट खनिजांची फार चिंता नसते: रोजची गरज झिंक १३.२ मिलिग्रॅम, सेलेनियम ४० मायक्रोग्रॅम. श्रावणात मासळी बंद, बऱ्याच जणींची अंडीही. मग भार नाचणी-कुळथावर, आणि त्यातलं फायटेट (धान्य-कडधान्यांतला नैसर्गिक घटक) झिंकला धरून बसतं, ते अंगी कमी लागतं. कुळथाला मोड आणले, आंबील रात्रभर आंबवलं तर फायटेट कमी होतं. पण मोडाचे कुळीथ पिठीसाठी वाळवायचे तर या हवेत बुरशी धरते. मंद आचेवर कढईत परतून कोणी वाळवलेत का?

दुसरं, धावणाऱ्या मुलींना लोहाची गोळी चालू आहे. तिच्यासोबत रिकाम्या पोटी झिंक दिलं तर झिंकचं शोषण घटतं. सरावाच्या वेळा सांभाळून दोन्हींत अंतर कसं ठेवता? (५० मिलिग्रॅम झिंक महिनोन्‌महिने सुचवू नका, शरीरातलं तांबं कमी होतं.)