मदत हवी आहे: आकाशकंदिलातली एलईडी पट्टी लुकलुकते

बांबूच्या कामट्यांचा कंदील, आत डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (प्रत्येक एलईडीचा रंग डेटाच्या वायरीने वेगळा ठरवता येतो), १५० एलईडी. ती चालवणारा ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर बोर्ड गॅलरीच्या आत आहे, तिथून कंदिलापर्यंत डेटाची वायर २ मीटर. पावसामुळे बोर्ड बाहेर नेता येत नाही. सप्लाय ५ व्होल्ट १० अँपिअर, पट्टीला दोन्ही टोकांनी दिलेला, ब्राइटनेस २५५ पैकी ८०.

पाकळीवरून केशरी रंग हळूहळू वर चढायला हवा, पण मधेच निळे-हिरवे ठिपके उमटतात आणि घोटीव कागदावर ते फारच डोळ्यांत खुपतात.

ग्राउंड एकच आहे. पट्टीच्या तोंडाशी डेटाच्या वायरीत ४७० ओहमचा रेझिस्टर आणि सप्लायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून झाला. वायर १५ सेंटिमीटर केली की सगळं सुरळीत, म्हणजे कोड ठीक आहे. पट्टीला ५ व्होल्टवर डेटाचा सिग्नल किमान ३.५ व्होल्टचा लागतो, ईएसपी देतो ३.३, दोष तिथेच दिसतो. सिग्नलचा व्होल्टेज वाढवणारं बीएसएस१३८ चं मॉड्यूल लावलं, तर पट्टीच्या डेटाच्या ८०० किलोहर्ट्झ वेगाला ते मंद पडतं.

याच कामाची वेगवान चिप ७४एएचसीटी१२५ इथल्या दुकानांत मिळत नाही. तोवर बोर्डाजवळ डेटाच्या वायरीत याच पट्टीतला एक सुटा एलईडी ठेवून, त्याच्या ५ व्होल्टच्या वायरीत १एन४००७ डायोड टाकला (म्हणजे सप्लाय थोडा उतरून त्या एलईडीला ३.३ चा सिग्नल पुरेल), तर त्या एलईडीतून निघणारा साधारण ४.३ व्होल्टचा सिग्नल पुढचे २ मीटर नीट जाईल का? कुणी असं करून पाहिलंय का?