फर्नेस दुरुस्त करावी की बदलावी? (अनुभव धागा)

अमेरिकेत थंडी पडली की घर गरम करणाऱ्या फर्नेसबद्दल हा प्रश्न हमखास येतो. तंत्रज्ञ म्हणतो "जुनी झाली, बदला", आणि बाहेर उणे तापमान. गॅस फर्नेसबद्दल ज्यांना नीट माहिती आहे त्यांनी कृपया बिघाड, कारण आणि उपाय असं नेमकं लिहा.

निळीज्योत
आधी फिल्टर, थर्मोस्टॅटची बॅटरी, फर्नेसजवळचा स्विच आणि बाहेरच्या पाइपावर साचलेला बर्फ बघा. मग पॅनलच्या छोट्या काचेतून बोर्डवरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा, तोच बिघाडाचा कोड. पॅनल काढलं तर दारालगतचा स्विच वीज तोडतो आणि कोड जातो. कोडचा तक्ता बहुधा पॅनलच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो.

ज्योत पेटून काही सेकंदांत विझते, दोन-तीनदा प्रयत्न होऊन फर्नेस बंद पडते? बहुतेक वेळा फ्लेम सेन्सरवर (ज्योत पेटली आहे का ते ओळखणाऱ्या धातूच्या दांडीवर) थर बसलेला असतो. वीज आणि गॅस बंद करा, एक स्क्रू काढा, दांडी बारीक स्टील वूलने हलकेच पुसा. खर्च जवळपास शून्य. यासाठी फर्नेस बदलायला सांगणाऱ्याला नमस्कार करून दुसरा माणूस बोलवा.

उत्तरवारा
इग्नायटर (तापून गॅस पेटवणारा भाग) लाल होत नसेल तर तोच बदलायचा. बसवताना पेटणाऱ्या भागाला बोट लावू नका. बोटाच्या तेलाने तिथे जास्त तापून तो तडकतो.

प्रेशर स्विचचा (धूर नीट बाहेर ओढला जातोय का ते हवेच्या दाबावरून ओळखणाऱ्या स्विचचा) कोड आला म्हणून लगेच स्विच बदलू नका. रबरी नळी फाटली आहे का, निचऱ्याच्या पाण्याचा ट्रॅप तुंबला आहे का, ते आधी बघा.

तिसरामजला
माझ्या मते खरा निकाल हीट एक्स्चेंजरवर (ज्योतीचा धूर वेगळा ठेवून घरातली हवा तापवणाऱ्या धातूच्या भागावर) लागतो. फिल्टर तुंबला, खोल्यांचे बरेच रजिस्टर (गरम हवा येणाऱ्या जाळ्या) बंद ठेवले किंवा फर्नेसच घराच्या मानाने मोठी असली, की हवा कमी वाहते, धातू जास्त तापतो आणि लिमिट स्विच (जास्त तापल्यावर ज्योत बंद करणारा) पुन्हा पुन्हा ज्योत तोडतो. त्या फुगण्या-आकसण्यातून वर्षानुवर्षांनी तडा जातो. ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) सुरू होताच ज्योत हलू लागली तर संशय घ्या. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या हवेचं तापमान मोजून फरक काढा. तो नेमप्लेटवरच्या मर्यादेत, उदाहरणार्थ ३५ ते ६५ अंश फॅरेनहाइट, हवा.

तडा असल्याचं सांगितलं तर कॅमेऱ्याचा फोटो मागा. खरा असेल तर फर्नेस लगेच बंद. तिथे वेल्डिंग, ठिगळ काही चालत नाही, कारण तड्यातून घरात येऊ शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. मात्र बदलायच्या आधी वॉरंटी बघा: या भागावर ती बऱ्याचदा २० वर्षांची किंवा आजीवन असते. मजुरी बहुतेकदा आपल्यालाच भरावी लागते. पंधरा-वीस वर्षांच्या फर्नेसला तेवढी मजुरी घालण्यापेक्षा नवी घेतलेली बरी.

निळीज्योत
८० टक्क्यांवरून ९५ टक्के कार्यक्षमतेवर गेलात तर तेवढ्याच उष्णतेला सुमारे १६ टक्के कमी गॅस लागतो. वर्षाला गरम करण्याचं बिल १,००० डॉलर असेल तर बचत साधारण १६० डॉलर. पण नव्या फर्नेसला धुरासाठी प्लास्टिकचा पाइप आणि पाण्याचा निचरा लागतो. शिवाय वॉटर हीटर त्याच चिमणीत असेल तर तो एकटा उरतो. एकट्यासाठी मोठ्या ठरलेल्या चिमणीत त्याचा धूर थंड होऊन घरात परतू शकतो. चिमणीत धातूची लायनर (आतली अरुंद नळी) घालण्याचा खर्च कोटेशनमध्ये लिहून घ्या, आणि जुन्या फर्नेसच्या आकड्यावरून नवीचा आकार ठरवू देऊ नका, घराचा मॅन्युअल जे (घराला किती उष्णता लागते त्याचा ठरावीक) हिशेब मागा.