तिकडं जे पडायलंय त्याला 'गारा' म्हणायचं का?

मांजराकाठ
माझी भाची अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असते. फेब्रुवारी सरत आला तरी तिथला हिवाळा हटेना. परवा तिनं तिथला दोन दिवसांचा हवामान अंदाज घरच्या ग्रुपवर टाकला आणि म्हणाली, "मावशी, आजीला मराठीत सांग." अंदाज असा होता: पहाटे बर्फ, सकाळी 'विंट्री मिक्स' म्हणजे बर्फ, स्लीट आणि फ्रीझिंग रेन आलटूनपालटून, दुपारी साधा पाऊस, रात्री रस्ते पुन्हा गोठणार. मी घाईत "सकाळी गारा आणि पाऊस" असं लिहून टाकलं.

लातूरहून आईचा फोन लगेच. "गारा? केवढ्या? लेकराला बाहेर जाऊ देऊ नको म्हणाव. तिथल्या लोकायचं रानात काय उभं होतं?" भाचीनं समजावलं की साबुदाण्याएवढं काहीतरी पडतंय, त्यानं कुणाला लागत नाही. आई माझ्यावर चिडली, "मग गारा कशाला म्हणलीस?" तिचं बरोबर आहे. पण मग म्हणायचं काय? स्लीटला एक, फ्रीझिंग रेनला एक आणि सगळं मिळून एक, असे तीन शब्द हवेत.

दुधना
ताई, आधी वरच्या हवेत काय होतं ते बघू, शब्द त्यातूनच निघेल. थंडीच्या दिवसांत कधीकधी जमिनीलगत गोठवणारी हवा असते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर येऊन बसतो. वरून निघालेला बर्फ त्या थरात वितळून पाणी होतो. खालचा थंड थर जाड असला तर थेंब वाटेतच पुन्हा गोठतात आणि कडक मणी होऊन खाली येतात. अमेरिकेत त्याला स्लीट म्हणतात. थंड थर पातळ असला तर थेंबाला गोठायला वेळच मिळत नाही. तो शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहतो आणि फांदीला, तारेला, रस्त्याला टेकला की तिथंच काच होतो. ते फ्रीझिंग रेन.

आपली गार निराळी. ती उंच ढगात वाढते, वर चढणाऱ्या जोरदार वाऱ्यानं झेलली जाते आणि थरावर थर चढवत मोठी होते. पाच मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तरच हवामानशास्त्रात गार. त्यामुळं 'गारा' हा शब्द इथं चुकलाच.

आणखी एक अडचण. इंग्लंडात स्लीट म्हणजे अर्धवट वितळलेला बर्फ आणि पाऊस एकत्र. तेव्हा भाषांतर करताना अंदाज कुठला आहे ते आधी बघा.

शब्दपारखी
संस्कृतातून आलेला 'तुषार' आपल्याकडे आयता आहे. मूळ अर्थ हिम, दंव, थंड कण. 'तुषारवृष्टी' म्हणा. सगळ्या प्रकारांसाठी 'हिममिश्र वृष्टी'. अर्थ नेमका राहतो आणि इंग्रजी शब्द उचलावा लागत नाही.

काळीमाती
तुषार म्हणलं की आमच्याकडं तुषार संच. हरभऱ्यावर तुषार लावतेत, रात्री लाईट आली की पाईप बदलायला जावं लागतं. 'तुषारवृष्टी' वाचून आमच्या गावात कुणाला बर्फ आठवणार नाही. शब्दाचा मूळ अर्थ काही का असंना, आज तो रानात पाणी मारायलाय.

शब्दपारखी
म्हणजे ठिबक-तुषारच्या जाहिरातींनी शब्दाचा अर्थ ठरवायचा? हिंदीत अजूनही तुषार म्हणजे हिमच. आपण वापरलं नाही म्हणून आपला शब्द निसटला, तो परत आणता येतो.

काळीमाती
जाहिरातीनं नाही, तीस-चाळीस वर्षं वापरून ठरला. आणि हिंदीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. एका बातमीत हिंदीतल्या 'ओले गिरने की संभावना'चं मराठी 'ओलाव्याची शक्यता' असं छापलेलं मी स्वतः वाचलंय. हिंदीत ओले म्हणजे गारा. माझा काढलेला हरभरा रानात सुडी लावून पडला होता. ओलावाच आहे म्हणून मी ताडपत्रीसुद्धा टाकली नाही. एका शब्दानं चार क्विंटल माल काळा पडला, म्हणून मी या गोष्टीला भांडतो.

ताई, तुमच्या आईचं का घाबरणं झालं ते मला कळतं. २०१४ साली फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत गारा पडत राहिल्या. एकदा होऊन गेलं असं नव्हतं, आभाळ परत परत यायचं. गहू आडवा, ज्वारीची कणसं झोडपलेली, आंब्याचा मोहोर खाली, मोसंबीच्या सालीला जखमा. रानात पक्षी मरून पडले होते. आमच्या पत्र्याला पडलेली भोकं वडिलांनी डांबर लावून बुजवली, ती अजून तशीच आहेत. त्याच्या आधी आम्ही पोरं गारा वेचून साखर लावून खायचो. त्या वर्षानंतर आमच्या घरात कुणी गार हातात घेतली नाही.

मन्याड
माझी आज्जी 'गारा पडल्या' आणि 'गारपीट झाली' यात फरक करायची. लेकरांनी वेचून खाल्ल्या तर गारा. रान झोडपलं तर गारपीट. 'मारपीट'मधलं पीट तेच हे असावं, पिटण्याचं.

बालाघाटी
आणि 'गार' म्हणजे थंड, म्हणून तिला गार म्हणतात असं सगळे धरून चालतात. मला वाटतं ती 'गारगोटी'तली गार आहे, पांढरा कठीण दगड. आभाळातून पडलेली गारगोटी. थंडपणा नंतर चिकटला असेल.

शब्दपारखी
यावर पुराव्याशिवाय बोलू नये. उलटही असू शकतं, किंवा दोन वेगळे शब्द योगायोगानं सारखे झाले असतील.

बालाघाटी
मान्य. पण आमच्या डोंगरात गारेचा माळ म्हणतात, तिथं थंडीचा काही संबंध नाही, नुसत्या पांढऱ्या गोट्या.

मन्याड
शब्दांवरूनच माल जातो म्हणता, तर 'तुरळक'वर बोला. "मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, गारपीट" असं आलं की आमच्याकडं म्हणतेत, तुरळक हाय, काही होत नाही.

दुधना
हा फार महत्त्वाचा मुद्दा आहे. 'तुरळक ठिकाणी' हे पाऊस किती जोराचा ते सांगत नाही, किती जागी ते सांगतं. विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी केंद्रांवर, एवढाच अर्थ. त्यापुढं 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी', 'बहुतांश ठिकाणी' अशी चढण आहे. जोर सांगायला 'हलका', 'मध्यम', 'जोरदार' हे वेगळे शब्द, आणि त्यांना मापं आहेत. चोवीस तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम. तुरळक ठिकाणी लिंबाएवढी गार पडू शकते.

काळीमाती
ज्याच्या रानात पडली त्याला तुरळक कसलं? त्यापेक्षा 'एखाद्या गावी' म्हणा. आपलं गाव ते एखादं असू शकतं हे माणसाला लगेच कळतं.

शब्दपारखी
'एखाद्या गावी' मला पटलं. चांगलं मराठी आहे.

मांजराकाठ
माझे तीन शब्द राहिलेच! आज नवा अंदाज आलाय, पुन्हा तसलंच मिश्रण. फ्रीझिंग रेनला मी "पडल्यावर गोठणारा पाऊस" लिहिलं, लांब आहे पण आईला कळलं. "म्हणजे फरशीवर तेल सांडल्यासारखं," म्हणाली. स्लीटला तिनंच "साबुदाणा" म्हणायला सुरुवात केलीय. काल भाचीला विचारत होती, "आज साबुदाणा पडायलाय का?"

शब्दपारखी
घरात ठीक. छापील अंदाजात 'साबुदाणा' कसा लिहिणार? निदान 'हिमकणी' करा. तांदळाची कणी सगळ्यांना माहीत आहे.

मन्याड
हिमकणी बरा आहे. पण 'हिम' आमच्याकडं हिवाळ्यात आणि हिवतापातच उरलंय, तेही 'हिव' होऊन. 'हिवकणी'?

बालाघाटी
हिवकणी म्हणलं की दहिवर वाटतं, पहाटे गवतावरचं. आणि मिश्रणाला सरळ 'बर्फपाणी' का नको? आपण पावसाला पाणीच म्हणतो. "पाणी पडायलंय", "औंदा पाणी नाही".

काळीमाती
बर्फपाणी म्हणजे रसवंतीवर मिळतं ते.

मन्याड
दहिवरावरून आठवलं. धुई आणि धुवारी एकच का? आमच्याकडं नांदेडला तुरीचा फुलोरा गळाला की धुईनं गेला म्हणतेत. परभणीकडचे मेहुणे धुवारी म्हणतात आणि ते म्हणजे नुसतं धुकं, त्यानं पीक जात नाही, असं त्यांचं म्हणणं. धुई वेगळी, तिच्यात काहीतरी चिकट असतं, असं माझी आई सांगायची. हिंगोली, जालन्याकडं काय म्हणता?