विषय: जुनी इलेक्ट्रिक गाडी – बॅटरीची तब्येत कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी,
काल एक निसान लीफ बघून आले. २४ किलोवॅट-तासांची, दहा वर्षं जुनी. स्क्रीनवर १३० किलोमीटर रेंज दिसत होती आणि बाजूच्या, बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बाराही पट्ट्या भरलेल्या होत्या. मालक म्हणतात, बॅटरी नव्यासारखी आहे. विसार देऊ का? जाणकारांनी सांगावं.

---

ताई,
विसार इतक्यात देऊ नका. मला त्या बारा पट्ट्याच खटकतात. या गाडीत बॅटरीची क्षमता साधारण १५ टक्के घटली की पहिली पट्टी जाते आणि पुढची प्रत्येक साधारण ६ टक्क्यांना. या बॅटरीला पाण्याचं कूलिंग नाही, त्यामुळे उन्हाळे तिला सोसत नाहीत. दहा वर्षांत एकही पट्टी गेली नाही, तर बॅटरी बदललेली असेल किंवा बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) रीसेट केलेली. रीसेट केल्यावर सगळ्या पट्ट्या परत येतात आणि गाडी काही आठवडे चालली की पुन्हा एकेक गळू लागतात. मालकांवर मी आरोप करत नाही, बॅटरी बदलली असेल तर पावती असेलच. ती मागा.

रेंजचा आकडा तर सोडूनच द्या. गाडी गेल्या काही दिवसांत कशी चालवली त्यावरून तो ठरतो. कोणी सावकाश, उतारावर चालवली असेल तर तो फुगतो.

त्यापेक्षा गाडी १०० टक्के चार्ज करून घ्या, ट्रिप शून्यावर आणा आणि १० टक्के उरेपर्यंत चालवा. समजा ९० किलोमीटर झाले आणि सरासरी किलोवॅट-तासाला ६ किलोमीटर पडली. म्हणजे १५ किलोवॅट-तास खर्च झाले, तेही ९० टक्क्यांत, म्हणून पूर्ण बॅटरी १६.७ ची. नवी असताना प्रत्यक्ष वापरता येत होते सुमारे २१, त्यामुळे भागायचं २१ नं, २४ नं नाही. उत्तर ८० टक्क्यांच्या जरा खाली येतं. अशा गाडीला बारा पट्ट्या दिसूच नयेत.

शेवटचे २० टक्के विशेष लक्ष देऊन बघा. मी माझी गाडी घेण्याआधी एक दुसरी पाहिली होती. स्टिअरिंगखाली ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर पाठवणारं छोटं उपकरण) लावला आणि फोनवर लीफस्पाय हे ॲप उघडलं. त्यात बॅटरीतल्या ९६ सेल-जोड्यांच्या व्होल्टेजचे ९६ बारीक खांब दिसतात. ७० टक्के चार्जला सगळे एका रेषेत होते, मलाही गाडी पसंत पडली होती. चालवत १५ टक्क्यांवर आणली तेव्हा मधलाच एक खांब खाली बसलेला दिसला. सगळ्या जोड्या एकामागोमाग एक जोडलेल्या असतात, त्यामुळे सगळ्यात दुबळी जोडी संपली की गाडी थांबते, बाकीच्या ९५ मध्ये कितीही जीव असला तरी. भरलेल्या बॅटरीवर घेतलेल्या चाचणीवर म्हणूनच माझा भरवसा नाही.

---

दादा, मनापासून आभार. पावती नाही म्हणाले, पण शनिवारी गाडी पूर्ण चार्ज करून ठेवायला तयार आहेत. सध्या थंडी आहे, आकडा उगाच कमी येईल का? आणि वॉरंटीचं काय?

---

ताई,
हो, गारठलेली बॅटरी कमी देते, पण ते तात्पुरतं असतं, ऊब आली की भरून निघतं. गाडी रात्रभर बंद जागेत ठेवायला सांगा, हीटर लावू नका, आणि दोनचार टक्के इकडे-तिकडे झाले तर मनाला लावून घेऊ नका. ७० च्या खाली आलं तर मात्र त्याला थंडी जबाबदार नाही.

बॅटरीच्या वॉरंट्या बहुधा ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरच्या असतात, यातलं जे आधी होईल ते. त्यामुळे या गाडीला ती धरू नका. पुढे एखादी तीनचार वर्षांची गाडी पाहिलीत तर राहिलेली वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का, ते लेखी विचारून घ्या.

माझा डोंगल घेऊन जा. शनिवारी मीही मोकळाच आहे, हवं तर सोबत येतो.