आर्मेनियन लोकांचा संहार फक्त धर्मामुळंच झाला का?

वळिवडेकर: नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धात आमच्या वळिवड्यात पोलंडचे पाचेक हजार निर्वासित राहिलेले हे कोल्हापूरकरांना सांगायला नको, आज्जी अजून त्या गोऱ्या पोरांच्या आठवणी काढते. परवा तिच्यासाठी पोलंडचं काहीबाही शोधत होतो तर राफाएल लेम्किन या तिकडच्या वकिलाचं नाव आलं, 'जेनोसाईड' म्हणजे वंशसंहार हा शब्द १९४४ ला त्यानंच काढला, आणि कॉलेजात असल्यापासून त्याच्या डोक्यात १९१५ ला तुर्कांच्या ओस्मानी राज्यात आर्मेनियन ख्रिश्चनांची कत्तल झाली ते बसलेलं. पण कारण वाचायला गेलं की जो तो ख्रिश्चन-मुसलमान भांडण म्हणून एका ओळीत संपवतो. शेकडो वर्षं शेजारी राहिलेली माणसं, मग १९१५ लाच असं काय झालं ओ?

करवीर_मास्तर: चांगलं विचारलंस भावा. धर्म होताच, ओस्मानी राज्यात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आधीच्या साम्राज्यात, ख्रिश्चनांचा दर्जा दुय्यमच, तरी आर्मेनियन लोकांना तिथं 'निष्ठावान जमात' म्हणायचे. बिघडलं ते राज्य आकसायला लागल्यावर. १८७८ च्या बर्लिन करारात आर्मेनियन भागात सुधारणा करा असं कलम युरोपियन सत्तांनी घातलं, सुधारणा काही झाल्या नाहीत, पण ही माणसं परक्यांची हस्तक असा संशय मात्र पक्का झाला. सुलतान अब्दुल हमीदनं कुर्द टोळ्यांचं घोडदळ उभं केलं, १८९४ ते ९६ मध्ये लाखाच्या घरात माणसं मारली गेली आणि कुणाला शिक्षा नाही, हे लई महत्त्वाचं आहे. मग १९१२-१३ चं बाल्कन युद्ध, युरोपातला जवळपास सगळा मुलूख गेला, तिकडनं मार खाऊन आलेले लाखो मुस्लिम निर्वासित अनातोलियात (तुर्कस्तानचा आशियातला भाग), आणि सत्तेत तलत, एन्वर ही 'तरुण तुर्क' गटाची पुढारी मंडळी ज्यांना आता उरलेला देश फक्त तुर्कांचा पाहिजे होता. मग पहिलं महायुद्ध, १९१५ च्या सुरुवातीला रशियाच्या सीमेजवळ सारिकामिशच्या बर्फात एन्वरची फौज रशियाविरुद्ध संपली, खापर आर्मेनियनांवर. २४ एप्रिलला इस्तंबूलमधले लेखक, डॉक्टर, वकील उचलले, मे महिन्यात हद्दपारीचा कायदा. बायकापोरं सीरियाच्या वाळवंटात देर एझ-झोरकडं चालवत नेली. किती मेले यावर आकडे सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत आहेत, तुर्की सरकार आजही याला जेनोसाईड म्हणत नाही.

दसरा_चौक: पण सर, त्यांनी रशियाला साथ दिली, पूर्वेकडच्या व्हान शहरात बंडही केलं की. युद्धात कुठलं सरकार गप्प बसंल?

करवीर_मास्तर: काही जण रशियाकडनं लढले, खरं आहे. पण मग अंकाराचे आर्मेनियन का नेले? आघाडीपासून शेकडो मैल लांब, बहुतेक कॅथलिक, घरात तुर्की बोलणारे. आणि दुधपिती पोरं कसलं बंड करणार?

शाहूपुरी_ताई: मला यात मालमत्तेचं फार वाटतं. गेलेल्यांची घरं, दुकानं, शेतं 'सोडून दिलेली मालमत्ता' म्हणून ताब्यात घ्यायला वेगळा कायदाच केला, काही बाहेरून आलेल्या निर्वासितांना दिली, काही गावातल्या बड्यांनी ढापली. वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात हे आपण बघतोच, इथं तर सरकारच म्हणतंय की शेजाऱ्याचा मळा आता तुझा. वरून हुकूम आणि खालून हाव, दोन्ही जुळल्याशिवाय एवढं होत नाही. आणि धर्मावर ढकलणाऱ्यांनी जलाल बे बघावा, अलेप्पोचा आणि मग कोन्याचा गव्हर्नर, मुसलमानच, हद्दपारीला नाही म्हणाला म्हणून खुर्ची गेली त्याची.

वळिवडेकर: ताई, सर, मनापासून आभार. आज्जीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, इथं आलेली पोरं तर सायबेरियातनं वाचून आली, त्या आर्मेनियनांची पोरं कुठं गेली?

शाहूपुरी_ताई: बरीच वाटेतच गेली रे. काही अनाथाश्रमात पोचली. काही अरब, कुर्द, तुर्क घरांत राहिली, कुठं मायेनं, कुठं जबरदस्तीनं, नाव बदलून, धर्म बदलून. त्यातल्या काही मुली तिथंच आज्ज्या झाल्या, आणि अगदी शेवटी शेवटी नातवंडांना जवळ बोलवून आपलं पहिलं नाव सांगून गेल्या.