ख्यालाला जवळचे कोण: जॅझ की मेटल?

षड्जपंचम (चर्चामंचावरचे टोपणनाव; मूळ लेखन, त्याखाली इतरांचे प्रतिसाद)

आपल्याकडे शास्त्रीय संगीताची पाश्चात्त्य प्रकारांशी तुलना निघाली की जॅझला मानाचे पान मिळते आणि मेटलला, म्हणजे कर्कश गिटारींच्या जोरकस रॉक संगीताला, दारातूनच परत पाठवले जाते. जॅझचा वादक आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो, आपला ख्यालगायकही उपजेने, म्हणजे गाता गाता सुचेल तसा विस्तार करत गातो, म्हणून ही भावंडे. मेटल म्हणजे गोंगाट, असे म्हणून विषय संपतो. मी तीस वर्षे ख्याल ऐकतो आहे आणि मुलीमुळे गेली दहा वर्षे मेटलही लक्षपूर्वक ऐकतो आहे. सुरांच्या पायाचा विचार केला तर ख्यालाला जॅझपेक्षा मेटल जवळचे आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या 1959 सालच्या 'काइंड ऑफ ब्लू' या ध्वनिमुद्रिकेतील 'सो व्हॉट' ही रचना घ्या, कारण आपल्या कानांना सर्वांत लवकर रुळणाऱ्या जॅझपैकी ती आहे. तिचे सूर कोमल गंधार आणि कोमल निषादाचे, म्हणजे आपल्या काफी थाटाचे (थाट म्हणजे सात स्वरांचा ठरलेला संच) आहेत. तिचे 32 मापांचे (चार ठोक्यांचे एक माप) एक चक्र एका मिनिटाच्या थोडे आत पूर्ण होते; अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ, एकतालाच्या एका आवर्तनालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. इथपर्यंत आपण घरातच असतो. पण पहिली 16 मापे पांढरी दोनमध्ये (हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी षड्ज धरून) झाली की पुढची आठ काळी दोनमध्ये जातात आणि शेवटची आठ पुन्हा पांढरी दोनमध्ये उतरतात. म्हणजे षड्जच, पायाचा सा, सरकतो. गायक अंतऱ्याला हात घालताच साथीदारांनी तानपुऱ्याच्या चारही तारा चढवाव्यात, असा हा प्रकार आहे, आणि इतर बहुतेक जॅझमध्ये तर ही पायाखालची जमीन याहून कितीतरी वेगाने बदलते.

याउलट मेटलमध्ये गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरमधून फाटेपर्यंत वाढवला जातो, त्यामुळे मूळ स्वरांभोवती उपस्वरांची (स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या उंच, सूक्ष्म स्वरांची) दाटी होते. अशा आवाजात षड्ज आणि गंधार एकत्र छेडले तर चिखल होतो. षड्ज आणि पंचम छेडले तर ते एकजीव होतात. म्हणून मेटलचा गिटारवादक बहुतेक वेळ षड्ज-पंचमाचीच जोडी धरतो आणि सर्वांत खालची तार मोकळी ठेवून पुन्हा पुन्हा तिच्यावर परततो. तानपुऱ्यात आपण वेगळे काय करतो? जवारीचा दोरा (तानपुऱ्याच्या घोडीवरचा धागा) तारेखाली केसभर पुढेमागे सरकवत नेमक्या जागी आणला की तोवर कोरडी वाजणारी तार एकदम बोलू लागते, कारण तिच्यातले उपस्वर मोकळे होतात.

बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाच्या 1970 सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेची सुरुवात तीन स्वरांवर उभी आहे: सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. तीव्र मध्यम आपल्याला यमन रागातून ओळखीचा आहे, पण तिथे गंधार आणि पंचम त्याला दोन्हीकडून हात देतात. इथे त्याला एकटे सोडले आहे, आणि मारवा रागात पंचम नसल्यामुळे जी बेचैनी येते, तिच्याशी या रचनेचे नाते मला ऐकू येते.

मारवा

आपली मांडणी मन लावून वाचली आणि ती मला मुळातच अमान्य आहे. थाट म्हणजे राग नव्हे. बागेश्री आणि भीमपलास हे दोन्ही काफी थाटाचे, दोन्हींत गंधार-निषाद कोमल. तरीही भीमपलास ऐकताना कोणाला बागेश्रीचा भास होत नाही, कारण कोणत्या स्वरावर थांबायचे, आरोहात काय टाळायचे, गंधाराकडे कुठून यायचे, यात राग असतो. तीन स्वर लागले म्हणून मारवा आठवणे हे रागाला स्वरांच्या यादीपर्यंत खाली आणणे आहे. मारव्याचा कोमल रिषभ आणि धैवत त्या रचनेत कुठे आहेत?

तानपुऱ्याचा दाखलाही अर्धाच आहे. मालकंसाला पहिली तार मध्यमाला लावतात, मारव्याला बहुधा निषादाला. रागाप्रमाणे पाया नव्याने जुळवला जातो. षड्ज-पंचमाची जोडी ही काही ठरलेली सोय नाही.

सर्वांत मोठा मुद्दा उपजेचा. मेटलच्या कार्यक्रमात श्रोत्याला ध्वनिमुद्रिकेतलीच रचना तशीच्या तशी हवी असते, आणि वादक ती देतो. किशोरीताई आमोणकरांचा एकच राग दोन मैफलींत ऐकलेल्या माणसाला ही अपेक्षा कळणेच अवघड आहे. आणि मेटलच्या ज्या गायनात गळा खरवडून काढलेल्या आवाजात स्वरच सापडत नाही, ते गायन स्वरप्रधान ख्यालाच्या जवळचे कसे, हेही आपण सांगावे.

सोळा मात्रा

मी पुण्यात मेटल वाजवतो आणि तबल्याच्या तीन परीक्षा दिल्या आहेत. मला धागालेखक षड्जपंचम यांचा निष्कर्ष मान्य आहे, कारण मात्र वेगळे आहे: मेटलची खरी जवळीक लयीत आहे.

स्वीडनच्या मेशुगा या वाद्यवृंदाची पद्धत पाहा. ढोलवादकाचा हात झांजेवर सरळ चारचा ठेका धरून असतो. त्याचे पाय आणि गिटार मात्र, समजा, 25 सूक्ष्म मात्रांचा तुकडा वाजवत असतात. 16 सूक्ष्म मात्रांच्या एका मापात तो मावत नाही, म्हणून प्रत्येक फेरीत वेगळ्या जागी सुरू होतो. पाच फेऱ्यांत 125 मात्रा होतात, उरलेल्या तीन भरल्या की 128, म्हणजे बरोबर आठ मापे, आणि सगळे एकत्र समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतात. पहिल्यांदा हे मोजत ऐकले तेव्हा मी टाळी-खाली धरून बसलो होतो आणि चौथ्या फेरीत हात चुकला. तो चुकण्याचा आणि पुन्हा सम सापडण्याचा आनंद मला पढंत करतानाच्या, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणतानाच्या, आनंदाहून निराळा वाटला नाही.

ठरलेली रचना वाजवणे हे कमी प्रतीचे का मानावे? कायदे आणि गती (तबल्याच्या बांधीव बोलरचना) आपण गुरूकडून जशाच्या तशा घेतो आणि वर्षानुवर्षे घासतो. मेटलची पोरेही कान लावून, एकेक माप पुन्हा पुन्हा ऐकूनच रचना हातात बसवतात.

मारवा

@सोळा मात्रा, आपण तबला शिकला आहात, म्हणून आपल्याला हे सहज पटेल. तिहाईमध्ये तुकडा तीनदा पूर्ण वाजतो आणि तिसरा 'धा' समेवर पडतो. तो कुठून उचलायचा याचा हिशेब वादक वाजवता वाजवता मनात करतो. आपण दिलेल्या उदाहरणात सम गाठण्यासाठी सहाव्या फेरीला तीन मात्रांवर कात्री लावावी लागते. तिथे समेवर पोचणे नाही, समेला तुकडा तोडणे आहे. शिवाय कायदा घासायचा तो त्याचे पलटे, म्हणजे बदलते विस्तार, सुचावेत म्हणून. तो घासणे हे साध्य नव्हे.

मांडवी

आपण सारे रचनेच्या अंगाने बोलत आहात. मला इतिहास आठवतो. पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चशाळांमध्ये स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेले वादक मुंबईला आले, हॉटेलांमध्ये जॅझ वाजवू लागले आणि तेथून हिंदी चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणशाळांत गेले. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसूझा ही त्यांतली मोठी नावे. अँथनी गोन्साल्विस यांनी तर 1950च्या दशकात रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिण्याचा ध्यास घेतला होता. तिकडे जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांना रविशंकरांच्या संगीताची इतकी ओढ होती की त्यांनी मुलाचे नाव रवी ठेवले. पुढे 1970च्या दशकात गिटारवादक जॉन मॅक्लॉग्लिन आणि तबलावादक झाकीर हुसेन 'शक्ती' या वाद्यवृंदात एका बैठकीवर बसले. धोबी तलावाच्या रंगभवनात 1978 साली जॅझ यात्रा या महोत्सवात ही देवाणघेवाण मुंबईकरांनी समोर पाहिली. जे कलावंत एकमेकांचे ऐकून बदलले, त्यांचे संगीत जवळचे. मेटलने अशी देवाणघेवाण केल्याचे मला फारसे दिसत नाही.

बाख ते बास

मेटलचे नाते शोधायचेच असेल तर ते पाश्चात्त्य अभिजात संगीतात शोधावे. रिची ब्लॅकमोर, रँडी ऱ्होड्स, यंग्वी माल्मस्टीन हे गिटारवादक बाख आणि पागानिनी यांचा अभ्यास करूनच पुढे गेले. तो धागा उघड आहे. त्याऐवजी तानपुऱ्यात नाते शोधणे मला ओढूनताणून केलेले वाटते.

षड्जपंचम

उपजेचा मुद्दा मी मान्य करतो, आणि तो लहान नाही. मूळ लेखनात मी तो बाजूला ठेवला, ती माझी चूक झाली. खरवडलेल्या आवाजाबद्दलही माझ्याकडे उत्तर नाही. माझी मुलगी त्याला तालवाद्य समजून ऐक म्हणते, पण मग त्याला गायन म्हणता येणार नाही. बाख आणि पागानिनींचा प्रभाव वेगाने धावणाऱ्या एकल वादनात नक्कीच आहे. मी बोलत होतो ते त्याखालच्या जाड, स्थिर आवाजाबद्दल.

षड्जाबाबत मात्र मी माझ्या जागी आहे, आणि मांडवी यांनी दिलेले 'शक्ती'चेच उदाहरण मला पुढे करावेसे वाटते. तिथे मॅक्लॉग्लिन यांनी गिटारच्या पडद्यांमधली लाकडी पट्टी खोलगट करून घेतली, मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणे) घेता यावी म्हणून. गिटारवर तरफेच्या, म्हणजे स्वरांसोबत गुंजणाऱ्या, जादा तारा चढवल्या. आणि स्वरसंवादांची (एकत्र वाजणाऱ्या स्वरगटांची) सततची अदलाबदल जवळजवळ सोडून दिली. जॅझ आपल्या संगीताशेजारी येऊन बसले, पण येताना आपला सरकता षड्ज बाहेर ठेवून आले. जवळीक मुळातच असती तर एवढे सोडावे लागले नसते.

मारवा

ब्लॅक सॅबथची ती सुरुवात काल रात्री तीन-चारदा ऐकली. पट्टी पांढरी पाच आहे, म्हणून इलेक्ट्रॉनिक तानपुरा त्या पट्टीत लावून शेजारी ठेवला. पहिली तार पंचमाला असताना तीव्र मध्यम सारखा पंचमाकडे झुकतो आणि त्यातली भीती बरीच ओसरते. मग ती तार निषादाला लावली. निषाद आणि तीव्र मध्यम यांचा आपसात षड्ज-पंचम भाव असल्याने मध्यमाला आधार मिळाला आणि षड्जच परका वाटू लागला, जसा तो मारव्यात वाटतो. थाट आणि राग यांबद्दल मी जे लिहिले त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण तेवढे झाल्यावर तानपुरा बंद न करता मी तसाच बसलो आणि मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, धैवतावरून मारव्याचा आलाप सुरू केला.