सायटिका: कंबरेतून पायात उतरलेली कळ. व्यायाम, गोळ्या, इंजेक्शन की ऑपरेशन?

रानवाट:
भावासाठी विचारते आहे. वय ४१, काम बैठं. पाच आठवड्यांपूर्वी कंबरेत उसण भरली. आठवड्याभरात कंबर हलकी झाली, पण कळ डाव्या कुल्ह्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरली. पावलाच्या बाहेरच्या कडेला आणि करंगळीला मुंग्या येतात. बसलं की वाढतं, शिंकलं की पायात सणक जाते, चालल्यावर जरा बरं वाटतं. एमआरआयमध्ये एल-५ एस-१ ला (कंबरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याखाली) मणक्यांमधली गादी सरकून तिथून पायात जाणाऱ्या डाव्या एस-१ नसेवर दाब, शिवाय त्याच्या वरच्या एल-४ एल-५ ला गादीचा फुगवटा असं आलं आहे. एक डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे तीन आठवडे झोपून आराम आणि कंबरेचा पट्टा. घरचे म्हणतात ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) घे. पाय सरळ ठेवून पुढे वाकायचा ताण रोज देतो, पण तो दिला की संध्याकाळी पाय जास्त ठणकतो. काय करावं आणि ते कशावरून ठरवावं?

निशिगंध:
उपायांच्या आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, लघवी आणि संडास. सायकलच्या सीटला टेकतो तेवढ्या भागात बधिरपणा, लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, मूत्राशय भरल्याची जाणीव न होणं, संडासवरचा ताबा जाणं, किंवा कळ दोन्ही पायांत उतरणं. यातलं एक जरी नव्याने दिसलं तर त्याच तासाला रुग्णालय गाठायचं, रात्र असली तरी. पाठीचा कणा दुभंगल्यासारखं दुखेल अशी वाट पाहू नका, कधीकधी दुखणं उलट कमी झालेलं असतं. मज्जारज्जू साधारण एल-१ एल-२ जवळ संपतो, त्याखाली नसांचा नुसता जुडगा असतो, आणि मोठा तुकडा त्या सगळ्या जुडग्यावर बसला की असं होतं. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. बहुतेकजण ‘लघवी कपड्यात होत नाही ना’ एवढंच बघतात. सुरुवात बरेचदा याच्या उलट असते, लघवी अडकते. काही वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही, त्यामुळेही लक्षण झाकलं जातं.

दुसरी, पायाची ताकद. मुंग्या येणं वेगळं आणि ताकद जाणं वेगळं. एस-१ साठी भिंतीला बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं आणि गुडघा न वाकवता टाच पूर्ण उचलायची. प्रत्येक पायाने वेगवेगळं किती वेळा जमतं ते मोजा. एल-५ साठी टाचांवर दहा पावलं चालायचं, मग पायाचा अंगठा वर खेचून धरायचा आणि दुसऱ्याने तो खाली दाबून बघायचा. एल-४ साठी खुर्चीतून एका पायावर उठून बघायचं. आठवड्यातून दोनदा, त्याच वेळी, वहीत लिहून ठेवा. आकडा उतरत चालला किंवा पाऊल लटकू लागलं, तर त्याच दिवशी सर्जनला फोन करून वेळ घ्या.

ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षयरोग, दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड, कूस बदलूनही न थांबणारं रात्रीचं दुखणं: यातलं काही असेल तर पुढचे व्यायाम करू नका. आधी डॉक्टरांना सांगून कारण शोधून घ्या.

पाणकणीस:
तो पुढे वाकायचा ताण आजपासून बंद. मांडीमागचा स्नायू आखडलाय असं वाटतं, पण तिथे ताण बसतो तो सुजलेल्या नसेवर. सुजलेली नस खेचलेली सहन करत नाही, म्हणून त्या क्षणी बरं वाटलं तरी काही तासांनी ठणका लागतो.

व्यायाम निवडताना एकच खूण धरा: कळ कुठे सरकते. पायातली कळ वर वर येऊन कुल्ह्यात किंवा कंबरेत गोळा झाली तर दिशा बरोबर आहे, कंबर थोडी जास्त दुखली तरीही. कळ पोटरीकडे, पावलाकडे उतरली तर दिशा चुकली, कंबर मोकळी वाटली तरीही. हे उलटं वाटतं, म्हणून माणसं बरोबर व्यायाम सोडून चुकीचा धरतात.

बसल्यावर वाढतं आणि चालल्यावर कमी होतं, म्हणजे बहुधा मागे वाकण्याची दिशा मानवेल. पालथं पडायचं, दोन मिनिटं नुसतं. मग कोपरांवर दोन मिनिटं. त्रास पायात उतरला नाही तर तळवे खांद्यांखाली ठेवून छाती उचलायची, कंबर आणि कुल्हे सैल, जमिनीवर. वर एक-दोन सेकंद, परत खाली. असं १० वेळा, दर दोन-तीन तासांनी. इथे दोन चुका हमखास होतात. कंबरेच्या स्नायूंनी धड उचललं जातं. काम हातांनी करायचं आणि नितंब ढिले सोडायचे. आणि पहिल्याच दिवशी हात पूर्ण सरळ करायचा हट्ट धरला जातो. निकाल लगेच लावू नका, व्यायामानंतर दहा मिनिटांनी पाय कसा आहे ते बघा. तीन दिवसांत कळ तसूभरही वर आली नाही तर हा व्यायाम त्याचा नाही.

आरशात उभं राहून बघा, धड एका बाजूला झुकलंय का? असेल तर आधी ते सरळ करायचं, नाहीतर पालथं उठणं टोचतं. खांदे ज्या बाजूला गेलेत ती बाजू भिंतीकडे करायची, कोपर दुमडून भिंतीला टेकवायचं आणि कुल्हे हळूहळू भिंतीकडे ढकलायचे. १० वेळा.

कळ गुडघ्याच्या वर आली की नस मोकळी करायचा व्यायाम. खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा वाकवताना मान खाली. एका टोकाला नस ताणली जाते तेव्हा दुसऱ्या टोकाला सैल सुटते, म्हणून ती सरकते, खेचली जात नाही. १० वेळा, दिवसातून दोनदा, कुठेही रोखून धरायचं नाही. ताकदीचे व्यायाम त्यानंतर: चार पायांवर येऊन विरुद्ध हात-पाय लांब करणं, गुडघ्यांवरून कुशीवर कंबर उचलणं. १० सेकंद धरायचं, आधी ६ वेळा, मग ४, मग २.

दुसऱ्या वाचकांसाठी: साठीच्या पुढे, उभं राहिल्यावर-चालल्यावर दोन्ही पाय भरून येतात आणि बसून पुढे वाकल्यावर मोकळे होतात, असं असेल तर तिथे मणक्यातली जागाच अरुंद झालेली असण्याची शक्यता जास्त. त्यांनी वरचा पालथा व्यायाम करू नये, त्रास वाढेल.

रानवाट:
सगळं तपासलं. लघवी-संडास ठीक. टाच उजव्या पायाने २० वेळा उचलली जाते, डाव्याने १३. टाचांवर चालता येतं. पालथं पडून कोपरांवर आल्यावर पोटरीची कळ मांडीपर्यंत आली. मग ऑपरेशन किती दिवस लांबवता येईल? आणि आराम, पट्टा, ट्रॅक्शन, प्रेगाबालिन (नसांच्या दुखण्यावरची गोळी) यांचं काय?

दगडफूल:
१३ म्हणजे एस-१ ची थोडी कमजोरी आहे. दर चार दिवसांनी मोजा. १३ चे १५ झाले तर ऑपरेशन लांबवायला हरकत नाही. ८ झाले तर थांबू नका. आकडा आहे तेवढाच राहिला तरी सर्जनला एकदा हे आकडे दाखवून त्यांचं मत घ्या.

एमआरआयमधला एल-४ एल-५ चा फुगवटा सोडून द्या. काहीच दुखत नसलेल्या लोकांची चित्रं तपासलेल्या २०१५ च्या आढाव्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत फुगवटा होता. करंगळीच्या मुंग्या, टाच उचलण्यातला फरक आणि चित्रातली एस-१ नस, हे तिन्ही जुळतं म्हणून ती एक गोष्ट महत्त्वाची.

गादीचा बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतः शोषून घेतं, आणि जो तुकडा पूर्ण सुटून बाहेर पडलाय तो नुसत्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा आक्रसतो. म्हणून ‘मोठा तुकडा’ या शब्दाने घाबरून जाऊ नका. बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत बराच उतार पडतो. २००७ साली नेदरलँड्समधल्या चाचणीत ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेल्या रुग्णांपैकी काहींचं लवकर ऑपरेशन केलं, काहींना थांबवलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलं, हेही लक्षात ठेवा. ताकद टिकून असेल तर हा निर्णय सहन किती होतं आणि कामावर कधी जायचं यावर ठरतो. ऑपरेशन पायाच्या कळेसाठी असतं. कंबरदुखी त्याने जाईलच असं नाही.

प्रेगाबालिन सायटिकाला प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) सरस ठरलं नाही (ऑस्ट्रेलियातली चाचणी, २०१७), चक्कर मात्र जास्त आली. ब्रिटनच्या नाइस संस्थेची मार्गदर्शिका सायटिकासाठी ते देऊ नका असं सांगते, तोंडाने घ्यायची स्टेरॉइडही नको म्हणते. चालू असेल तर मनाने एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून डोस उतरवा. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थोड्या दिवसांसाठी, जेवणानंतर, एका वेळी एकच प्रकारची. अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार, रक्त पातळ करणारं औषध असेल तर विचारल्याशिवाय एकही नाही. नसेच्या मुळाशी द्यायचं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवड्यांची उसंत देतं. रात्रीची झोपच उडाली असेल तर ते उपयोगी, कारण तेवढ्या काळात व्यायाम करता येतो.

ट्रॅक्शनचा खास फायदा चाचण्यांत दिसलेला नाही, पैसे आणि वेळ त्यात घालवू नका. पट्टा लांबच्या प्रवासापुरता. तीन आठवडे झोपून राहणं तर नकोच. अगदी असह्य असेल तर एक-दोन दिवस, पुढे चालायचंच.

आंबेमोहर:
वरचं सगळं बरोबर, पण दिवसातले बारा तास चुकीचे गेले तर व्यायामाची दहा मिनिटं पुरत नाहीत.

उठल्यावर पहिला तास कंबरेतून वाकू नये. रात्रभर गादीत पाणी भरतं, ती फुगलेली असते आणि वाकल्यावर मागच्या बाजूवर दाब जास्त येतो. तोंड धुताना एक हात बेसिनवर, मोजे पडून किंवा पाय स्टुलावर ठेवून. पलंगावरून उठताना कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देऊन बसायचं.

खुर्चीत कुल्हे गुडघ्यांपेक्षा थोडे वर. कंबरेच्या खळगीत टॉवेलची साधारण दहा सेंटीमीटर जाडीची गुंडाळी, पँटच्या पट्ट्याच्या रेषेत. वर सरकली की ती पाठ ढकलते आणि कंबर पुन्हा गोल होते. दर २०-२५ मिनिटांनी उठायचं, उभं राहून पाच वेळा मागे वाकायचं. मागच्या खिशातलं पाकीट काढून टाका. शिंक येतेय असं वाटलं की उभं राहून एक हात भिंतीला, कंबर किंचित मागे.

झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी, नाहीतर वरचा पाय पुढे घसरून कंबर पिळली जाते.

चालणं १० मिनिटांनी सुरू करा, दिवसातून तीन-चार वेळा, सपाट रस्त्यावर. कळ खाली उतरायला लागली की तिथेच वळायचं. तीन दिवस नीट गेले तर प्रत्येक फेरीला ५ मिनिटं वाढवा. बरं वाटल्यावर हेच सोडून दिलं जातं. कंबरदुखीतून बरे झालेल्यांवर केलेल्या २०२४ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत हळूहळू चालणं वाढवत नेणाऱ्यांना पुढचा झटका मध्यकाने (निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना त्यानंतर) २०८ दिवसांनी आला, न करणाऱ्यांना ११२ दिवसांनी.

रानवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं, कार्यालयात कधी जावं?

पाणकणीस:
कळ गुडघ्याच्या वर राहते आणि सलग २० मिनिटं बसल्यावरही खाली उतरत नाही, असे दोन दिवस गेले की. पहिला आठवडा अर्धा दिवस, त्यातला जमेल तेवढा भाग उभ्याने. टाचेची मोजणी चालूच ठेवा, कळ गेल्यावरही ताकद मागून येते.